हौसे, नवसे आणि गवसे

जत्रेस जाणाऱ्या माणसांची आपल्याकडे फार जुनी वर्गवारी आहे : हौसे, नवसे आणि गवसे. हौसे केवळ जाण्याच्या आनंदासाठी जातात. नवसे बोललेला नवस फेडण्यासाठी जातात. गवसे मात्र गर्दीत काही हाती लागते का, हे पाहत हिंडतात. या वर्गवारीतील शहाणपण असे की, तिने कोणासही जत्रेबाहेर काढलेले नाही. तिन्ही प्रकारच्या माणसांवाचून जत्रा भरत नाही. कोणाचे प्रमाण किती, यावर तिचा रंग ठरतो. आणि ते प्रमाण बदलले, म्हणजे ठिकाण तेच, वाट तीच, तरी वडीलधारी माणसे म्हणू लागतात, ‘पूर्वीची जत्रा आता राहिली नाही.’

आज आम्हांस ज्या जत्रेविषयी लिहावयाचे आहे, ती आपल्या मुलखातील नव्हे. ती इंग्लंडातील आहे आणि तीत पालखीऐवजी जुन्या मोटारी धावतात. हौशी माणसांनी स्वतःच्या जुन्या मोटारी घेऊन एकत्र यावे आणि त्यांच्या शर्यती लावाव्यात, हा प्रकार त्या देशात नव्वद वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. धर्मगुरूने शर्यतींवर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु माणसे एकत्र का येतात, आणि एकत्र येण्याची त्यांची रीत बदलली म्हणजे त्यांच्यात काय बदलते, हा प्रश्न आमच्या नित्याच्या कामातलाच आहे. तो कधी सणाच्या तयारीत भेटतो, कधी बँडपथकात, कधी नाटकमंडळात. आम्हांस तो एकदा पेट्रोलच्या वासात भेटला, इतकेच.

२००२ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात काही आठवडे सेवाकार्यासाठी राहण्याचा योग आम्हांस आला. तिथे एका वृद्ध गृहस्थांशी आमचा स्नेह जुळला. विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी आयुष्य काढले होते. बोलणे मोजके, हातांच्या रेषांत तेलाचा काळेपणा कायमचा मुरलेला. त्यांच्यापाशी १९२९ सालची एक ऑस्टिन सेव्हन मोटार होती. ऐन तारुण्यात, १९५० नंतरच्या दशकात, ती त्यांनी पंधरा पौंडांस विकत घेतली होती. तेव्हा तिला कोणी ‘वारसा’ म्हणत नसे. ती जुनी गाडी होती आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून घेतली, असे ते सांगत.

या ऑस्टिन सेव्हनविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९२२ ते १९३९ या काळात तिच्या सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. तिचे इंजिन ७४७ घनसेंटिमीटरचे. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवरील अनेक मोटारसायकलींनीही तिला मागे टाकावे. परंतु सामान्य इंग्रज कुटुंबास मोटार परवडू शकते, हे तिने दाखवून दिले. जर्मनीतील बीएमडब्ल्यू या कंपनीची पहिली मोटारही हिचीच परवान्याने बनवलेली आवृत्ती होती. पुढे लोटस कंपनी काढणारे कॉलिन चॅपमन यांनी आपली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच रचली, आणि न्यूझीलंडचे ब्रूस मॅक्लारेन यांनी पोरवयात पहिली शर्यत केली तीही ऑस्टिन सेव्हनमध्येच. गरिबाघरची ही गाडी अशा रीतीने पुष्कळांची पाटी-पेन्सिल ठरली.

ऑगस्ट महिन्यातील एका शनिवारी आमचे स्नेही आम्हांस प्रेस्कॉट येथे घेऊन गेले. चेल्टनहॅम शहराजवळ ही टेकडी आहे. बुगाटी मोटारींच्या मालकांच्या मंडळाने ही जागा १९३७ साली घेतली आणि १९३८ पासून तिथे चढाईच्या शर्यती होऊ लागल्या. वाट जेमतेम एक किलोमीटरची, वळणावळणांची. एका वेळी एकच गाडी निघते आणि घड्याळाशी झुंजते. शर्यतीची गाडी आमच्या स्नेह्यांनी घरापासून स्वतः चालवतच नेली. शेजारी आम्ही, आमच्या मांडीवर हत्यारांची पेटी, आणि पेटीवर त्यांच्या पत्नीने दिलेला सँडविचचा डबा. चढावर गाडीचा वेग इतका मंदावे की, कडेने सायकलवरून जाणारी मुले आम्हांस हात करून पुढे निघून जात.

गाड्या उभ्या करण्याची जागा, ज्यास तिकडे पॅडॉक म्हणतात, ती प्रेस्कॉटला एका फळबागेत आहे. झाडांखाली मोटारी ओळीने उभ्या होत्या. बहुतेकांखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत. त्या पायांवरून मालक कोण आणि मेकॅनिक कोण, हे ओळखता येईना. पुष्कळ ठिकाणी दोघे एकच होते. मळकट डगले अंगात, हाती पाना, कपाळास ग्रीस. त्यांत जमीनदार होते, शाळामास्तर होते, एक दंतवैद्य होते, आणि आमच्या स्नेह्यांसारखे निवृत्त कामगारही होते. दुपारी ध्वनिक्षेपकावरून कोणाच्या तरी मागच्या अ‍ॅक्सलचा दांडा तुटल्याची घोषणा झाली. कोणापाशी जादा आहे काय? आमच्या स्नेह्यांपाशी होता. तो तरुण त्यांच्याच वर्गातील प्रतिस्पर्धी होता. दोघे मिळून गाडीखाली गेले, तासाभराने दांडा बसला, आणि त्या तरुणाने आमच्या स्नेह्यांहून दोन सेकंद कमी वेळात टेकडी सर केली. परतीच्या वाटेवर आम्ही विचारले, ‘आपण दांडा दिला नसता तर?’ ते म्हणाले, ‘फादर, मग मी कोणाशी हरलो असतो?’

हा मोकळेपणा आकाशातून पडलेला नव्हता. तो कसा आला, हे नंतर आम्ही वाचून समजून घेतले, आणि त्यात बराच काळोखही सापडला.

मोटारशर्यतींसाठी म्हणून मुद्दाम बांधलेला जगातील पहिला मोठा मार्ग इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे १९०७ साली सुरू झाला. ‘योग्य मंडळी, आणि गर्दी नाही’ अशा अर्थाचे त्याचे ब्रीदवाक्य होते. ‘योग्य’ कोण, हे वेगळे सांगण्याची गरज त्या काळी कोणास वाटत नसे. खेळातील ‘हौशी’ या शब्दासही तिकडे अशीच एक काटेरी किनार होती. हेनली येथील नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांनी कारागीर, मेकॅनिक आणि मजूर यांस हौशी खेळाडू मानण्यासच नकार दिला होता. हाताने काम करणाऱ्यांवरील ही बंदी उठण्यास १९३७ साल उजाडले. क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ असा भेद १९६२ पर्यंत टिकला. एकाच संघातील खेळाडूंची नावे गुणपत्रिकेवर वेगळ्या रीतीने छापली जात. हौशी माणसाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारी माणसाची नंतर.

हा शब्द मूळचा लॅटिन. गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना आरंभीच जे क्रियापद घोकावे लागते, त्या ‘अमारे’ म्हणजे प्रेम करणे या धातूपासून ‘अमातोर’, म्हणजे प्रेम करणारा, आणि त्यापासून इंग्रजी ‘ॲमॅच्युअर’ शब्द आला. प्रेमाने करणारा, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रेम करण्यास फावला वेळ लागतो, आणि फावला वेळ ज्यांच्यापाशी होता, त्यांनी प्रेमाचीही मक्तेदारी करून टाकली. ज्याचे हात कामाने काळे झाले आहेत, तो प्रेमाने खेळू शकणार नाही, असे त्यांनी ठरवले.

त्या पार्श्वभूमीवर १९३४ साली काही तरुणांनी जुन्या क्रीडा-मोटारींचे एक मंडळ स्थापिले. ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ हे त्याचे नाव. फार श्रीमंत नसलेल्यांसाठी हे मंडळ असावे, ही भूमिका आरंभीच घेतली गेली. १९३१ पूर्वी बनलेल्या गाड्या, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने चार-दहा वर्षांच्या वापरलेल्या गाड्या, त्यांनी आपल्या मानल्या. त्यांची समजूत अशी की, नव्या गाड्या पुष्कळ बनू लागल्या तशी त्यांची कारागिरी उतरली. पुढे १९३९ साली ऑस्टिन सेव्हनवाल्यांसाठी ‘७५० मोटर क्लब’ निघाला. कमी पैशांत शर्यत कशी करता येईल, हाच त्याचा ध्यास. त्याच वर्षी युद्ध आले आणि ब्रुकलँड्स शर्यतींना कायमचे मुकले. पण युद्ध संपले तेव्हा इंग्लंडभर ओस पडलेले विमानतळ उरले होते. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड येथील मार्ग १९४८ साली अशाच विमानतळांवर सुरू झाले. ‘योग्य मंडळीं’चे बांधीव कुंपण मोडले आणि उघड्या माळावर सारे आले. आमच्या स्नेह्यांसारख्या फिटरला जत्रेत जागा मिळाली, ती अशी.

वातावरण घडवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे हँडिकॅपची पद्धत. तीत सर्वांत मंद गाडी आधी सुटते, वेगवान गाडी सर्वांत शेवटी, आणि गणित नीट जमले तर शेवटच्या फेरीत सारे जवळ येतात. त्यामुळे पंधरा पौंडांची गाडीही जिंकू शकते, आणि धनिकाच्या गाडीस हरण्याची लाज वाटत नाही. ‘७५० मोटर क्लब’ने १९५१ पासून चालवलेल्या सहा तासांच्या साखळी शर्यतीतही अशाच गणितामुळे साध्या गाड्यांचा संघ बलाढ्यांच्या शेजारी उभा राहू शकतो. जिथे सर्वांस आशा आहे, तिथे मत्सर कमी असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. युद्धापूर्वीच्या शर्यतीच्या गाड्यांची चाके उघडी असतात. बहुतेकींत पट्टा नसतो, डोक्यावर लोखंडी कमान नसते. धावत्या गाडीच्या चाकास दुसऱ्या गाडीचे चाक लागले, तर ते त्यावर चढते आणि गाडी उलटते. उलटलेल्या गाडीतील माणसाचे रक्षण करणारे काहीही नसते. म्हणून वळणावर दुसऱ्यास गाडीभर जागा द्यावयाची, ही तिथे निव्वळ शिष्टाचाराची बाब नव्हती. शेजाऱ्याचा जीव आपल्या हाती आणि आपला त्याच्या हाती, हे प्रत्येकास ठाऊक होते. सायंकाळी एका टेबलावर चहा घेणारी माणसे दुपारी एकमेकांस ढकलत नाहीत. ओळख हीच त्या खेळातील सुरक्षा होती.

मग जत्रेत काय बदलले? पहिल्याने किंमत बदलली. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या ३६ गाड्या बनवल्या. ‘पिंक फ्लॉइड’ या संगीतवृंदाचे ढोलवादक निक मेसन यांनी त्यांतील एक १९७७ साली चाळीस हजार पौंडांहून कमी किमतीस घेतली. अशीच एक गाडी २०१८ साली अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. सगळ्याच जुन्या मोटारी फेरारी नसतात; ऑस्टिन सेव्हन आजही मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आहे. पण शिखरावर बर्फ पडले की पायथ्याशीही हवा पालटते. जी वस्तू वापरून वापरून मोलाची झाली होती, तिला बाजारभाव आला, आणि भाव आला की भाव पाहणारी माणसेही आली.

दुसरे म्हणजे प्रेक्षक बदलले. गुडवुडचा मार्ग १९६६ साली शर्यतींसाठी बंद झाला होता. १९९८ च्या सप्टेंबरात, पहिल्या शर्यतीस पन्नास वर्षे झाली त्या मुहूर्तावर, तो पुन्हा उघडला आणि ‘गुडवुड रिव्हायव्हल’ नावाचा महोत्सव सुरू झाला. प्रेक्षक १९४० ते १९६० च्या दशकांतील पोशाख करून येतात. गाड्या मुख्यतः १९४८ ते १९६६ या काळातील. आणि भाग निमंत्रितांनीच घ्यावयाचा. तिथे मालकासोबत नामांकित व्यावसायिक चालकही एकाच गाडीत आळीपाळीने बसतात. देखावा अपूर्व असतो, यात शंका नाही. पण जिथे आमंत्रण लागते आणि जिथे हजारो डोळे पाहतात, तिथे जिंकणे हेही मोलाचे होते. विजयाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत जाते आणि तिच्या किमतीत भर घालते. मग गाडी तयार करणारी पगारी पथके येतात, त्यांचे मोठे ट्रक येतात, फरशी घातलेले तंबू येतात. मूळ नमुन्याबरहुकूम नवे इंजिन ओतले जाते, आणि ते जुन्याहून सरस चालते. गाडी आपल्या तारुण्यात धावली नसेल अशा वेगाने म्हातारपणी धावू लागते. मालक सकाळी येतो, चालवतो आणि सायंकाळी निघून जातो. गाडीखालचे पाय आता नेहमी दुसऱ्याचेच असतात.

हे सारे आम्ही दुरून पाहिले असते, तर त्याची नोंद घेऊन सोडून दिली असती. पण आमच्या स्नेह्यांचे एक पत्र आले. २००८ सालची ही गोष्ट. वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावरही ते वर्षाकाठी एखादी सपाटीवरील शर्यत करीत. अशाच एका शर्यतीत, वळणाच्या आतल्या बाजूस असताना, मागून आलेल्या एका वेगवान गाडीने त्यांच्या ऑस्टिनचे मागचे चाक उडवले. गाडी गवतात फेकली गेली; उलटली नाही, हे दैव. त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. दुसरी गाडी एका धनिकाची होती आणि चालवणारा तरुण दिवसाच्या मोबदल्यावर आलेला व्यावसायिक होता. शर्यत संपली, चषक दिला गेला, ट्रक भरला गेला. तरुण भेटावयास आला नाही, मालकही नाही. आठवड्याने एक पाकीट आले. त्यात खर्चाच्या दुपटीचा धनादेश होता आणि व्यवस्थापकाच्या सहीचे दोन ओळींचे पत्र होते.

आमच्या स्नेह्यांनी लिहिले होते : ‘फादर, पैसे पुरून उरले. गाडी दुरुस्त झाली. पण पूर्वी ज्याने धक्का दिला असेल, तो त्या रात्री पाना घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात उभा असे. त्याला धड काम येत नसले तरी तो कंदील धरी. धनादेशाला कंदील धरता येत नाही.’ त्यानंतर त्यांनी शर्यत केली नाही. गाडी मात्र दर रविवारी सुरू करून पाहत. २०१५ साली ते वारले.

पत्र वाचून आम्हांस त्या तरुणाचा राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण राग ओसरल्यावर त्याची बाजूही दिसू लागली. तो कोण होता? चालवणे हे त्याचे पोट होते. हरला असता, तर पुढच्या आठवड्यात त्या जागी दुसरा बसला असता. हेनलीच्या नियमांनी ज्यांस दाराबाहेर ठेवले, क्रिकेटच्या गुणपत्रिकेने ज्यांची आद्याक्षरे मागे ढकलली, त्या पगारी माणसांचाच तो वंशज. ‘पैशासाठी खेळतो तो हलका’ असे म्हणणे आमच्या तोंडी शोभणार नाही. आमच्या वाचकांतील बहुतेक कुटुंबे घामाच्या पैशावर उभी आहेत. शिवाय व्यावसायिक म्हणजे निष्प्रेम, असेही नाही. स्टर्लिंग मॉस हे त्यांच्या काळातील अव्वल व्यावसायिक चालक. १९६२ साली गुडवुड येथे झालेल्या भीषण अपघाताने त्यांची कारकीर्द संपली. पुढे ते जुन्या मोटारींच्या शर्यतींत परतले आणि ८१ व्या वर्षापर्यंत, २०११ पर्यंत, चालवत राहिले. त्या वर्षी ल मान्स येथे सरावात आपणांस भीती वाटली, असे सांगून त्याच दिवशी त्यांनी हेल्मेट उतरवले. आयुष्यभर मोबदला घेतलेल्या माणसाच्या हातीही हौस शिल्लक राहू शकते.

धनिकांविषयीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्यांच्या पैशामुळे पुष्कळ गाड्या भंगारातून वाचल्या आहेत. ऑक्सफर्डशायरमध्ये बिस्टर येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर २०१३ पासून जुन्या मोटारींचे कसब जाणणाऱ्या कार्यशाळा एकत्र नांदत आहेत आणि शिकाऊ मुले पत्रा ठोकणे, लाकडी सांगाडा जोडणे, जुने इंजिन बांधणे शिकत आहेत. रिव्हायव्हलच्या शर्यती २०२४ साली पर्यावरणास कमी हानिकारक इंधनावर झाल्या, त्यामागेही मोठ्या आयोजकाचेच बळ होते. गवसे जत्रेत येतात तेव्हा दुकानांची पालेही उभी राहतात, हे विसरून चालणार नाही.

मग त्या पत्रातील वेदना कशाची होती? आम्ही पुष्कळ विचार केला, तेव्हा आमच्या ध्यानी आले ते असे. पैसा आला, म्हणून दुखले नव्हते; प्रेस्कॉटच्या बागेत पैसेवाले पूर्वीही होते. दुखले ते हे की, चुकीची भरपाई करण्याचे काम माणसाकडून काढून घेऊन व्यवस्थेकडे दिले गेले. चालवणारा एक, मालक दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा, सही करणारा चौथा. या चौघांत ‘मी धक्का दिला’ असे म्हणणारा कोणीच उरत नाही. पूर्वी हे चारही एकाच डगल्यात होते, म्हणून त्यास रात्री दारात येऊन उभे राहणे भाग पडे. उघड्या चाकांच्या गाड्यांत जी ओळख माणसाचा जीव राखीत होती, ती श्रमविभागणीत विरून गेली.

आपल्या देशात अशा शर्यतींची परंपरा फार रुजली नाही. मद्रासजवळ शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या, आणि तिथेही हौशी मंडळी घरच्या गाड्यांत हात काळे करून उतरत. दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ पत्राने जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. तीत वेगाहून जपणुकीस मान आहे. आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा किती जणांचे डोळे ओलावले! काल जिच्या दरवाजास आपण लाथ घालून तो लावीत होतो, ती आज संग्राह्य वस्तू झाली आहे. तिलाही भाव येईल. तिच्या बोनेटखाली वाकून, सुतळीने आणि साबणाच्या वडीने तिला घरापर्यंत आणणाऱ्या मिस्त्रीची आठवण तेव्हा कोणी ठेवील काय?

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा ग्लॉस्टरशायरला गेलो होतो. आमच्या स्नेह्यांची नात आता ती ऑस्टिन चालवते. ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले, तरी फळबागेत गाडीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. अवतीभवती पूर्वीपेक्षा मोठ्या व्हॅन होत्या, केस पांढरे झालेली माणसे अधिक होती, पण गाड्यांखालून पायही दिसत होते. एका व्यापाऱ्याने गाडीची मागणी केल्याचे तिने सांगितले. क्रँकशाफ्ट बदलण्याचा खर्च तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा आला होता, तेव्हा विकण्याचा विचार मनात आला होता. ‘मग का विकली नाही?’ आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘हिवाळ्यात गाडी विकायची नाही, असे आजोबांनी माझ्याकडून वदवून घेतले होते. हिवाळ्यात ती प्रत्येकालाच विकावीशी वाटते. आणि उन्हाळा आला की मला वाटत नाही.’

तिचे आजोबा हौसे होते. ती नवसे आहे. एखाद्या प्रिय माणसास दिलेला शब्द फेडण्यासाठी जी माणसे जत्रेस येतात, त्यांच्या खांद्यावरच पुढच्या पिढीतील जत्रा उभी असते, असे आम्हांस वाटते. हौस वयाबरोबर ओसरते, गवसणे बाजाराबरोबर संपते. शब्द मात्र रात्रपाळीनंतरही माणसास उठवून बसवतो.

त्या दुपारी तिच्या गाडीचा कार्बुरेटर गळू लागला. शेजारच्या मोठ्या तंबूतून एक पगारी तरुण मेकॅनिक, कंपनीचे नाव पाठीवर छापलेला, न बोलावता उठून आला. त्याने गॅस्केट कापून दिले आणि नात ते बसवीत असताना ऊन डोळ्यांवर येत होते, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून उभा राहिला. त्याच्या पगारात हे काम बसत नव्हते. त्यास हौसा म्हणावे, नवसा म्हणावे की गवसा, हे आम्हांस ठरवता आले नाही. वाचकांनी आपापल्या जत्रेत अशी माणसे पाहिली असतील. त्यांची नावे मात्र विचारून ठेवावीत. आम्ही त्याचे विचारले, तेव्हा त्याने हात पुसून प्रथम तिच्याकडे आणि मग आमच्याकडे पुढे केला.